समेट झाला, पण कोणाचा?

सरकारी कचेरीत, नगरपरिषदेत, एस. टी. च्या आगारात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीस असलेला आपला मुलगा अथवा मुलगी एखाद्या संध्याकाळी घरी येऊन सांगते की, साहेबांनी बोलावून घेतले आणि "प्रकरण मिटवून टाका" असे म्हणाले. घरातील वडील माणसे बहुधा सुटकेचा निःश्वास टाकतात. नोकरी शाबूत राहिली ना, मग झाले! बारामती व इंदापूर या तालुक्यांतील आमच्या कित्येक घरांत सरकारी पगार आणणारी ही पहिली नाही तर दुसरी पिढी आहे. त्या पगारावर लहान भावाचे शिक्षण अवलंबून असते, बहिणीचे लग्न अवलंबून असते, पतपेढीचा हप्ता अवलंबून असतो. तेव्हा त्या निःश्वासाची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु प्रकरण मिटले म्हणजे काय झाले, ते कोणी मिटविले आणि मिटविण्याची किंमत कोणी दिली, हे प्रश्न त्या निःश्वासाखाली दबून जातात. ते विचारण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

वेळ आली आहे असे म्हणण्यास कारण आहे. संसदेने 2023 साली मध्यस्थता अधिनियम संमत केला व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यातील काही कलमे अमलात आली. सरकारने व सरकारी संस्थांनी आपले वाद मध्यस्थतेने सोडविण्यासाठी योजना आखाव्यात, यासही या कायद्यात वाट ठेवलेली आहे. कारखाने व आस्थापना यांच्यापुरते बोलावयाचे तर 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 20 किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे दोन्ही पक्षांचे समसमान सभासद असलेली तक्रार निवारण समिती असावी, असे ती सांगते. म्हणजे समेटाची भाषा यापुढे साहेबांच्या दालनात न राहता सरकारी कागदावर येणार. कागदावर आली की तिचा अहवाल निघणार, आणि अहवालात "इतकी प्रकरणे आली, इतकी मिटली" असा तक्ता असणार. आमचा सारा झगडा या तक्त्याशी आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आम्ही समेटाचे विरोधक नाही. राज्य सरकारच्या नोकरास बदली, बढती किंवा शिक्षा याबाबत दाद मागावयाची तर मुंबईस प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जावे लागते. नगरपरिषदेच्या व जिल्हा परिषदेच्या नोकरांना तर तेही दार नाही. त्यांची वाट वेगळी व बहुधा अधिक वाकडी. इंदापूरहून पुणेच सव्वाशे किलोमीटरहून दूर. रजा काढावयाची, वकील पाहावयाचा, तारखा मोजावयाच्या. दोन वर्षे खटला चालला आणि जिंकला, तरी ज्याच्याविरुद्ध जिंकला त्याच्याच हाताखाली उद्या काम करावयाचे आहे. असा मनुष्य जर आपल्या तालुक्याच्या गावी, पगारी वेळेत, एखाद्या निःपक्ष माणसासमोर वरिष्ठाच्या बरोबरीने खुर्चीवर बसून बोलू शकला, तर ते त्यास हवेच आहे. खुर्चीवर बसून, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत.

कारण उभ्याने झालेले समेट आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ पाहिले आहेत. महारवतन ही एका अर्थी सरकारी नोकरीच होती. काम सरकारचे व गावाचे, ताबा पाटील-कुलकर्ण्यांचा आणि मोबदल्याचा मोठा भाग बलुत्याच्या रूपाने गावकऱ्यांच्या मर्जीवर. बलुते अडले तर तक्रार चावडीवर, आणि चावडीवर निवाडा करणार तेच, ज्यांनी बलुते अडवले! तेथेही प्रकरणे "मिटत" असत. परमपूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, त्याचे मर्म हेच होते की नोकराचा मोबदला व नोकराची दाद ही मालकाच्या मर्जीवाचून ठरली पाहिजे. ते वतन कायद्याने नष्ट व्हावयास 1958 साल उजाडावे लागले.

दुसरी आठवण 1938 ची. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. संप करण्यापूर्वी समेटाची सारी पायरी चढलीच पाहिजे, तोवर संप बेकायदेशीर, असा त्याचा रोख होता. नाव समेटाचे होते. परिणाम मात्र कामगाराच्या हातातील एकमेव साधन गोठविण्याचा होता. बाबासाहेबांनी असेंब्लीत त्यास कडाडून विरोध केला व 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि इतर कामगार पुढाऱ्यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे 1942 साली तेच बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि सरकार, मालक व मजूर या तिघांना एका मेजाभोवती बसविणाऱ्या परिषदा त्यांनी चालविल्या. यात विसंगती पाहणारे पाहोत. जेथे मजुराचे प्रतिनिधी स्वतःच्या बळावर बसतात ती बोलणी, आणि जेथे त्यास हात बांधून बसविले जाते ती सक्ती, हा भेद बाबासाहेबांनी कधी नजरेआड होऊ दिला नाही.

आता अलीकडच्या एका प्रकरणाकडे वळू. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला. महामंडळ सरकारात विलीन करा, ही मुख्य मागणी. राज्यातील सुमारे 250 आगारे त्यात ओढली गेली. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीत मुख्य सचिवांसह तिघे होते, आणि तिघेही सरकारचेच वरिष्ठ अधिकारी. समितीने विलीनीकरण नाकारले. 7 एप्रिल 2022 रोजी न्यायालयाने कामगारांना 22 एप्रिलपर्यंत रुजू होण्यास सांगितले. दरम्यान निलंबने झाली, बडतर्फ्या झाल्या, घरांतील दागिने गहाण पडले. समितीचा निष्कर्ष बरोबर होता की चूक, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. ती समिती म्हणजे मध्यस्थी नव्हती, हेही खरे. पण जिच्याविरुद्ध मागणी आहे त्या सरकारच्याच अधिकाऱ्यांनी दिलेला निर्णय, तो कितीही अभ्यासपूर्ण असो, समोरच्या कामगारास आपला वाटत नाही, हा धडा कोणत्याही खात्याने समेटाची योजना आखताना ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

या बाबतीत अमेरिकेच्या टपाल खात्याचा अनुभव आमच्या वाचकांस उपयोगी पडेल. त्या खात्यात त्या काळी आठ लाखांच्या आसपास नोकर होते. वर्ण, लिंग, वय यांवरून भेदभाव होतो अशा तक्रारींचा ढीग साचला होता. 1994 साली फ्लोरिडा राज्याच्या एका भागात, एका सामुदायिक दाव्यातील तडजोडीतून, मध्यस्थीची योजना सुरू झाली व दशक संपण्यापूर्वी ती देशभर पसरली. तिची तीन अंगे लक्षात घ्यावीत. तक्रारदारास मध्यस्थी ऐच्छिक. पण त्याने ती मागितली तर वरिष्ठास बसणे भाग. बैठक कामाच्या वेळेत, आणि मागणीनंतर थोड्याच आठवड्यांत. मध्यस्थ खात्याबाहेरचा. प्रारंभी काही ठिकाणी खात्यातीलच शिकविलेली माणसे मध्यस्थ म्हणून नेमून पाहिली, पण बाहेरच्या मध्यस्थांबाबत लोकांचे समाधान अधिक आढळले.

आता मोजमाप पाहा. इंडियाना विद्यापीठाच्या प्राध्यापिका लिसा बिंगहॅम यांनी वर्षानुवर्षे, बैठकीतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही पक्षांकडून स्वतंत्रपणे प्रश्नपत्रिका भरून घेतल्या. मध्यस्थाविषयी व बैठकीच्या रीतीविषयी शेकडा 90 हून अधिक लोक समाधानी. निकालाविषयी मात्र तक्रारदारांपैकी सुमारे शेकडा 64 आणि वरिष्ठांपैकी सुमारे 69 समाधानी. जी मध्यस्थी इतकी वाखाणली गेली तिच्यातही तक्रारदारांपैकी तिघांतील एकाहून अधिक जण निकालाविषयी समाधानी नव्हते, आणि हे छापून सांगण्याचे धैर्य त्या मोजणीत होते. रीतसर तक्रारींची संख्या पुढील काही वर्षांत चौथाईहून अधिक घटली, हेही नोंदले गेले. येथे आमची शंका अशी की, तक्रारी घटल्या म्हणजे अन्याय घटला असे आपोआप ठरत नाही. भीतीनेही तक्रारी घटतात. म्हणून तक्रारींचा आकडा एकटा वाचू नये. तो माणसांच्या उत्तरांशेजारी ठेवून वाचावा.

आपल्याकडे काय झाले? 15 ऑगस्ट 2007 पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, बांधाचे व भाऊबंदकीचे कित्येक तंटे खरोखरच मिटले. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तंटे मिटविण्याच्या कामगिरीवर गावास बक्षीस, हे सूत्र त्या मोहिमेच्या मुळाशी होते. जेथे मिटविण्यास बक्षीस आहे तेथे न मिटविणारा गावाचा वैरी ठरतो. आणि वस्तीवरच्या चार घरांनी तक्रार मागे घेतली नाही तर गावाचे बक्षीस हुकते, हे त्या चार घरांना कोणी सांगावे लागत नाही. आता हीच मोजपट्टी कचेऱ्यांत येऊ नये. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याची किंवा आगारप्रमुखाची कामगिरी "शेकडा इतकी प्रकरणे सामोपचाराने निकाली" अशी मोजली जाऊ लागली, की सामोपचार हा शब्द झाडूवाल्या बाईच्या कानाला धमकीसारखा लागेल.

भगवान बुद्धाच्या संघाने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. विनयात वाद शमविण्याचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एकास तिणवत्थारक म्हणतात. तिण म्हणजे गवत. घाणीवर गवत पसरून ती झाकावी तसा वाद, खोलात न शिरता, दोन्ही बाजूंनी झाकून टाकावा. हा मार्ग संघात मान्य होता. मात्र गंभीर अपराधांना तो लागू नव्हता आणि गृहस्थांशी संबंधित अपराधांनाही नव्हता. काय झाकावे व काय झाकू नये, याची रेघ आधी आखलेली होती. शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा तंटाही आमच्या वाचकांस "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथातून परिचित आहे. दोघे आपण निवडावे, दोघे कोलीयांनी निवडावे, त्या चौघांनी पाचवा निवडावा, अशी सिद्धार्थाची सूचना होती. मध्यस्थ कोणी नेमावा या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर आम्हांस ठाऊक नाही. बहुमताने ती सूचना फेटाळली, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा आपणही रेघ आखावी. पाळी कोणाची, रजा का नाकारली, बोलण्यातील उद्धटपणा, सामान वेळेवर न देणे, कामाची वाटणी, असे वाद खुशाल मध्यस्थीकडे जावोत. चारचौघांत जातीवरून केलेला अपमान हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे. दोघांनी आपसात मिटविला म्हणून मिटण्याजोगा तो नव्हे, आणि बौद्ध झालो म्हणून त्या कायद्याचे छत्र गेले असेही नव्हे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. बिंदुनामावलीतील जागा हा कायद्याचा हिशेब आहे, सौद्याचा नव्हे. लैंगिक छळाच्या बाबतीत 2013 चा कायदा सांगतो की, समेट केवळ त्या स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर तर मुळीच नाही. गटारात उतरवून मनुष्य मेला तर 20 ऑक्टोबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे 30 लाख रुपये भरपाई ठरलेली आहे. तेथे "काहीतरी घेऊन गप्प बसा" असे म्हणणारा मध्यस्थ नसून दलाल होय. साफसफाई कामगारांच्या वारसाला नोकरी देण्याच्या लाड-पागे समितीच्या शिफारशीही हक्काच्या यादीत येतात, मेहरबानीच्या नव्हे.

ठेकेदाराकडील कामगारांचा प्रश्न सर्वांत अवघड. झाडणारी बाई नगरपरिषदेचा रस्ता झाडते, पगार ठेकेदार देतो, हुकूम मुकादम देतो. तिने तक्रार केली तर समोर कोणी बसावयाचे? अधिकारी म्हणतील ती आमची नोकर नाही; ठेकेदार म्हणेल उद्यापासून येऊ नकोस. जी योजना या बाईस मेजाशी बसवू शकत नाही, ती बारामतीत असो वा इंदापुरात, कायम नोकरांपुरतीच राहील, आणि कायम नोकर दरसाल कमी होत आहेत.

योजनेची परीक्षा घ्यावयाची तर आमच्या मते ती करार झाल्याच्या दिवशी घेऊ नये. एक वर्षाने घ्यावी. तक्रारदाराची बदली झाली काय, आणि झाली तर कोठे? त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात शेरा काय पडला? करारातील कलमे पाळली गेली काय? तक्रार मागे घेणाऱ्यांत खालच्या श्रेणीचे किती, अनुसूचित जातींचे किती, स्त्रिया किती? बोलणी गुप्त ठेवावीत हे कायद्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. माणसाची अब्रू त्यात असते. पण नावे झाकून आकडे सांगता येतात, आणि ते नगरपरिषदेच्या सभेपुढे दरसाल ठेवता येतात. न ठेवल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो.

राहता राहिले आपले घर. मुलास किंवा मुलीस समेटासाठी बोलावणे आले तर घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. बोलावणे लेखी मागावे. एकट्याने जाऊ नये. संघटनेचा किंवा विश्वासाचा मनुष्य बरोबर नेता येईल काय, हे आधी विचारावे. मध्यस्थ कोण, त्याचा पगार कोण देतो, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. वाचल्याशिवाय सही करू नये, त्याच दिवशी सही करण्याचा आग्रह झाला तर एक रात्र मागून घ्यावी, आणि सहीची प्रत घरी आणावी. वाचता येत नसेल त्याने शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी. कायदेशीर सल्ला हवा असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा; अनुसूचित जातींच्या व्यक्तींना व स्त्रियांना तेथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते, उत्पन्नाची अट त्यांना नाही.