जर-तरची स्पॅनिश वाट

आमच्या घरांत दिवेलागणीनंतर ओसरीवर बसून परवचा म्हणण्याची जुनी चाल होती. पावकी-निमकी आतां कोणी म्हणत नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत जालन्याच्या घरीं तसाच सूर पुन्हां कानीं आला: 'कोंप्रारीआ, कोंप्रारीआस, कोंप्रारीआ. कोंप्रारीआमोस, कोंप्रारीआइस, कोंप्रारीआन.' धाकटी पुतणी स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची तयारी करीत होती. 'कोंप्रार' म्हणजे विकत घेणें, आणि हीं त्याचीं संकेतार्थाचीं सहा रूपें. पैसे असते तर मीं घेतलें असतें, तूं घेतलें असतेंस, इत्यादि. आमच्या वाचकांच्या घरींही परभाषा शिकणारें एखादें मूल असेल, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

स्पॅनिश धातूंचे आर, एर आणि ईर असे तीन गण आहेत. पुष्कळ काळांत गणागणांचे प्रत्यय निराळे. येथें मात्र मूळ रूप अखंड ठेवून पुढें 'ईआ' जोडला कीं काम झालें. कोमेर, खाणें, त्याचें कोमेरीआ. बिबिर, राहणें, त्याचें बिबिरीआ. एरवीं विद्यार्थ्यांस छळणारे 'सेर' व 'ईर' हे धातुही येथें निमूटपणें चालतात. सुमारें बारा धातु थोडे वाकडे आहेत, जसें 'तेनेर'चें 'तेन्द्रीआ'. पण प्रत्यय त्यांचेही तेच.

हा 'ईआ' आला कोठून? तो 'आबेर' या साहाय्यक धातूच्या भूतकाळाचा अवशेष आहे. आपण 'घेतलें असतें' असें म्हणतांना 'असणें' मदतीस घेतों. त्यांनीं 'घ्यावयाचें होतें' अशासारखीं दोन पदें कालांतरानें एकजीव केलीं. नेब्रिहा यानें १४९२ सालच्या आपल्या व्याकरणांत ही घडण सांगितली आहे. स्पॅनिशची बहीण पोर्तुगीज. तिच्या ग्रांथिक लेखनांत तर धातु व प्रत्यय यांच्यामध्यें अजूनही सर्वनाम बसवितां येतें: 'कोंप्रा-लु-इआ', म्हणजे तें घेतलें असतें. गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती. तेथील वृद्ध मंडळींस हा सांधा नवा वाटूं नये.

एके दिवशीं पुतणी वही घेऊन आली, तों डोळे भरलेले. निबंधाचा विषय होता 'आमचें गांव', आणि तिनें अंबड तालुक्यांतल्या आमच्या मोसंबीच्या बागेवर लिहिलें होतें. २०१२ सालीं पावसानें दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जिल्ह्यांतल्या कितीतरी बागा वाळल्या. थोरल्या बंधूंनीं टँकरनें पाणी घातलें. शेवटीं स्वतः उभें राहून झाडें तोडविलीं. तिला लिहावयाचें होतें, 'पाऊस पडला असता, तर बाग आज उभी असती.' नेमक्या त्याच वाक्यावर लाल रेघ!

"काका, मला हें कधींच जमायचें नाहीं," ती म्हणाली.

मीं वाक्य पाहिलें. 'सी आब्रीआ योबिदो, एल उएर्तो सेगिरीआ बीबो.' उत्तरार्ध निर्दोष होता. खोट होती ती पहिल्या 'आब्रीआ'ची, आणि ती चूक तिची नव्हती, मराठीची होती. आपल्या वाक्यांत अट आणि फळ या दोघांसही 'असता-असती' हा एकच पोषाख. स्पॅनिशमध्यें 'सी', म्हणजे 'जर', याच्या बाजूस 'रीआ' प्रमाण भाषेंत चालतच नाहीं. तेथें 'उबिएरा' असें निराळें रूप लागतें. 'रीआ' तेवढा 'तर'च्या वांट्याचा. गंमत अशी कीं, स्पेनच्या उत्तरेस बास्क मुलखांत व बुर्गोसच्या बाजूस सामान्य लोक आमच्या पुतणीसारखेंच बोलतात! हें कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर थोडें हसूं आलें. अर्थात् परीक्षेंत गुण बुर्गोसच्या बोलीस मिळत नाहींत, हेंही सांगावें लागलें.

तिनें वाक्य सुधारून लिहिलें आणि रात्रीं जेवणें झाल्यावर वडिलांस मोठ्यानें वाचून दाखविलें: 'सी उबिएरा योबिदो, एल उएर्तो सेगिरीआ बीबो.' बंधूंनीं अर्थ विचारला नाहीं. सुपारी कातरतां कातरतां ते इतकेंच म्हणाले,

"यांत पाऊस कोणता?"

"योबिदो, बाबा."


त्यांनीं तो शब्द एकदां पुटपुटून पाहिला आणि अडकित्ता खालीं ठेवला.