तेलाचा बोळा : चिंधी नव्हे, हत्यार

घरातील हत्यारांची यादी करा, असे सांगितले तर तुम्ही काय काय लिहाल? हातोडी, पक्कड, पाना, पेचकस, करवत. सुताराचे घर असेल तर रंधा आणि पटाशी. दाराला तेल लावण्याचा फडक्याचा बोळा मात्र त्या यादीत कोणी लिहिणार नाही. तो हत्यार आहे असे आपल्याला वाटतच नाही. जुन्या धोतराचा तुकडा घ्यायचा, तेलात बुडवायचा, दारावरून फिरवायचा आणि काम झाले की कोपऱ्यात टाकून द्यायचा!

माझे म्हणणे याच्या उलट आहे. बोळा हे पुऱ्या अर्थाने हत्यार आहे. ते करावे लागते, वापरायला शिकावे लागते आणि काम झाल्यावर नीट ठेवावे लागते. यातली तिसरी गोष्ट आपण कोणालाच शिकवत नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रथम तेलाचा विचार करू. कोल्हापूरच्या पेठांतील जुन्या घरांत सागवानी चौकटी, तुळया, देव्हारे, झोपाळे अजून आहेत. सणावाराला त्यांना तेलाचा हात द्यायचा म्हणून पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातले शेंगतेलच घेतात. दार त्या दिवशी चकचकीत दिसते. आठ दिवसांनी हात लावून पाहा. दार चिकट लागते, त्यावर धूळ बसलेली असते आणि कालांतराने खवट वासही येतो. असे का व्हावे?

तेले दोन तऱ्हांची असतात : न वाळणारी आणि वाळणारी. वाळणारे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रव तेलाचा घट्ट, लवचीक पापुद्रा बनतो. ही जोडणी तेलातील मेदाम्लांच्या दुहेरी बंधांपाशी सुरू होते. दुहेरी बंध जितके जास्त, तितके तेल लवकर वाळते. ते किती आहेत याची कल्पना ‘आयोडीन मूल्या’वरून येते. खोबरेलाचे हे मूल्य १० च्या आसपास, एरंडेलाचे ८५, शेंगतेलाचे ९५, करडईच्या तेलाचे १४५ आणि जवसाच्या तेलाचे १८० च्या आसपास असते. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याचेच तेल लाकडासाठी शतकानुशतके वापरले गेले, ते या गुणामुळे.

याचा अर्थ न वाळणारे तेल टाकाऊ, असा नव्हे. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, ते वाळत नाही म्हणूनच! खांब निसरडा राहावा हाच तेथे हेतू असतो. उलट क्रिकेटच्या बॅटला कच्चे जवसाचे तेल देतात, कारण तेथे पापुद्रा हवा असतो. लाकूड दोन्हीकडे आहे आणि बोळाही आहे. पण काम वेगळे, म्हणून तेल वेगळे. दुकानात मिळणाऱ्या ‘डबल बॉइल्ड’ जवसाच्या तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. ते दारांना चालेल; पोळपाट-लाटण्याला मुळीच लावू नये.

आता कोणी विचारील, तेल जवसाचे घेतले, मग ते ब्रशने का लावू नये? काम लवकर होईल. लवकर होईल हे खरे, पण थर जाड बसेल. जाड थराचा वरचा भाग आधी वाळतो, त्याखालचे तेल ओलेच राहते आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. जवसाच्या तेलाचा नियम असा की, जेवढे लाकडात मुरेल तेवढेच ठेवायचे. बोळ्याने तेल घासून लावावे, पाव-अर्धा तास थांबावे आणि न मुरलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. एक-दोन दिवसांनी तो थर वाळला की दुसरा हात द्यावा. लाकूड कुठे तेल पिते आहे आणि कुठे नाही, हे बोळ्यातून बोटांना कळते. ब्रशच्या दांड्यातून ते कळत नाही.

बोळा करायचाही एक रिवाज आहे. कापड सुतीच हवे, अनेकदा धुऊन खळ गेलेले आणि धागे न सुटणारे. टेरिलीन तेल नीट शोषत नाही. आत कापसाचा किंवा जुन्या बनियनचा गोळा ठेवून त्यावर फडके घ्यावे आणि टोके पिळून मुठीत धरावीत. तळाला सुरकुती राहू देऊ नये. शेवटचा हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपण दाराच्या दर्शनी बाजूला तेल लावतो आणि उंबऱ्यालगतची खालची कड विसरतो, कारण ती दिसत नाही. पण दाराच्या उभ्या पट्ट्यांची टोके तेथेच उघडी असतात. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होते, त्यांची तोंडे ती हीच. आषाढात दारे फुगून अडकतात, त्याचे मोठे कारण या कडेने शोषलेली ओल हे आहे. (लाकूड आडवे फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही, हेही ध्यानात घ्या.) २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरले, तेव्हा कित्येक घरांतले लाकूडकाम पाण्यात उभे होते. तेलाने पूर अडत नाही, हे उघड आहे; ओल आत-बाहेर जाण्याचा वेग तेवढा कमी होतो. भिजलेल्या लाकडाला तर ते पुरते वाळल्याखेरीज तेल लावूच नये. म्हणून तेल देण्याचा उत्तम काळ मिरगाच्या आधीचा, म्हणजे मे महिन्याचा.

आणि येथेच ती तिसरी गोष्ट येते. काम संपले. तेलाने माखलेले बोळे तुमच्या हातात आहेत. बाहेर कडक ऊन आहे. आता त्यांचे काय कराल? गोळा करून पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकाल, तर तुम्ही आगीची तयारी करून ठेवली असे समजा. त्याला काडीची गरज नाही आणि ठिणगीचीही नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर एक गणित करा. सुती तंतूची जाडी सुमारे १५ सहस्रांश मिलिमीटर धरा आणि घनता दर घन सेंटिमीटरला १.५ ग्रॅम. तंतू वृत्तचितीसारखा मानला तर १० ग्रॅम कापडातील सर्व तंतूंचे पृष्ठफळ किती येईल? उत्तर सुमारे १.८ चौरस मीटर येते. आता दोन मीटर उंच आणि ९० सेंटिमीटर रुंद दाराची एक बाजू मोजा. तेही १.८ चौरस मीटरच! म्हणजे तुमच्या मुठीतल्या १० ग्रॅमच्या फडक्यात तेलाला प्राणवायू शोषायला एका दाराएवढी जागा मिळते.

तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. दारावर ती जाणवतही नाही, कारण पातळ थरातून ती हवेत आणि लाकडात पसरून जाते. चुरगळलेल्या बोळ्यात मात्र ती कोंडते, कारण कापूस उष्णतेचा दुर्वाहक आहे. म्हणूनच तर आपण गोधडी पांघरतो. कोंडलेल्या उष्णतेने तापमान वाढते, तापमान वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग वाढतो आणि त्यामुळे उष्णता आणखी वाढते. असे चक्र चालू राहिले, तर काही तासांत आधी धूर आणि मग ज्वाळा दिसतात. बोळा उत्तम हत्यार आहे, कारण तो थोड्या जागेत पुष्कळ तेल धरतो. तो धोक्याचा आहे तोही नेमका याच कारणाने.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी एका ३८ मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकूडकामाला झळाळी देण्याचे काम चालू होते आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या तेथेच राहिल्या होत्या. आगीची सुरुवात त्या चिंध्यांतून झाली. अग्निशमन दलाचे ३ जवान मृत्युमुखी पडले. ज्या तिसाव्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणारी योजना होती, तेथे आग थांबली.

उपाय अगदी साधा आहे. काम झाल्याबरोबर प्रत्येक फडके पूर्ण उलगडा. घराबाहेर, पेटण्याजोग्या वस्तूंपासून दूर, एकावर एक न ठेवता फरशीवर पसरा किंवा तारेवर सुटे वाळत घाला. ते पापडासारखे कडक झाले, म्हणजे तेल वाळले. हे जमत नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात फडकी बुडवून ठेवा.

काही शिक्षक म्हणतील, आता लाकडी दारे उरली किती? फ्लश-दारे आली, सनमायका आला, पॉलियुरेथेनचे लेप आले. खरे आहे. पावसाचा थेट मारा बसणाऱ्या दारावर जवसाच्या तेलापेक्षा चांगला व्हार्निश अधिक टिकतो, आणि दमट जागी तेलाच्या थरावर बुरशीही धरते. हे मी नाकारत नाही. परंतु कुदळ-फावड्यांचे दांडे, बॅटी, शाळेतली बाके अजून लाकडाचीच आहेत. शिवाय प्रश्न केवळ लाकडाचा नाही. ‘ऑक्सिडीकरण उष्णतादायी असते’ हे वाक्य आपण परीक्षेत लिहितो आणि तेलाचा बोळा अडगळीत टाकतो. दोन्हींचा संबंध जुळत नसेल, तर ते वाक्य शिकून काय उपयोग?

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे की, वर्षातून एक तास या बोळ्याला द्यावा. चार काचपट्ट्यांवर खोबरेल, शेंगतेल, करडईचे तेल आणि जवसाचे तेल यांचे पातळ थर लावून हवेशीर सावलीत ठेवावेत आणि विद्यार्थ्यांनी दोन आठवडे रोज बोट लावून नोंद करावी. मग बोळे करून वर्गातल्या एका बाकाला तेल द्यावे. बोळा आपोआप पेटतो का, हे पाहण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. तास संपण्यापूर्वी सर्व फडकी मोजून पटांगणात पसरावीत आणि जितकी वाटली तितकी परत आली, याची खात्री झाल्यावरच घंटा द्यावी.