मुलाखतीच्या टेबलावर मीही स्काउटच होतो

बेसबॉल मला आजही नीट कळत नाही. तरी ‘मनीबॉल’ हा २०११ सालचा सिनेमा मी चार वेळा पाहिलाय, आणि चारही वेळा एकाच प्रसंगापाशी थांबलोय. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या संघाचे वयस्कर स्काउट लांब टेबलाभोवती बसलेत. नवे खेळाडू निवडायचेत. बोलणं चाललंय ते कुणाचा जबडा भारदस्त आहे, कुणाची अंगकाठी खेळाडूसारखी दिसते यावर. एकाची मैत्रीण दिसायला बेताची, म्हणजे त्याच्यात आत्मविश्वास नसणार, असंही एक जण गंभीरपणे सांगतो.

समोर संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन (ब्रॅड पिट) वैतागून बसलाय. त्याचा वैताग पुस्तकी नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्याच फेरीत उचललं होतं, कारण तो हुबेहूब स्टार दिसायचा. स्टॅनफर्ड सोडून तो गेला आणि मोठ्या लीगमध्ये कधीच जम बसला नाही. डोळ्यांनी केलेली निवड कशी फसते, याचा पुरावा तो स्वतःच होता.

गोष्ट २००२ च्या मोसमाची आहे. ओकलंडचं पगाराचं बजेट सुमारे चार कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचं त्याच्या तिप्पट. तीन मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी नेलेले. बीन आणि त्याचा आकडेमोड करणारा तरुण सहकारी एक साधा प्रश्न विचारतात: हा माणूस बाद न होता बेसवर पोहोचतो का? क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, इथे नऊ डावांत संघाला एकूण २७ बळी मिळतात, आणि टप्प्याबाहेरचे चार चेंडू सोडले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो. चेंडू सोडणं दिसायला काहीच नसतं, म्हणून त्याला बाजारात भाव नव्हता.

स्कॉट हॅटेबर्ग असाच स्वस्तात मिळाला. मूळचा यष्टिरक्षकासारखा कॅचर, पण कोपराची नस दुखावल्याने नीट फेकता येईना. त्याला पहिल्या बेसवर उभं करायचं ठरलं. सिनेमात प्रशिक्षक त्याला खेळवायलाच तयार नसतो. शेवटी बीन दुसऱ्या पर्यायी खेळाडूलाच दुसऱ्या संघात पाठवतो. कागदावरचा आकडा एकटा काही करत नाही. कुणीतरी आपली खुर्ची पणाला लावावी लागते. ४ सप्टेंबरला ११-० अशी आघाडी घालवून ओकलंड ११-११ वर आलं, तेव्हा बदली फलंदाज म्हणून आलेल्या हॅटेबर्गने होमरन मारला. सलग विसावा विजय! पुढे प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत संघ हरला, हे सिनेमा लपवत नाही.

एक गोष्ट मात्र झाकतो. त्याच संघात हडसन, मल्डर, झिटो असे जबरदस्त पिचर होते, आणि त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तेहादाही होता. ‘नाकारलेल्यांची टोळी’ रंगवायची तर हे आड येतात.

माझे बरेच सॉफ्टवेअरवाले मित्र यातून निष्कर्ष काढतात की निवड मशीनवर सोपवा, पक्षपात संपेल. मला हे पटत नाही. अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळणारं एक मशीन बनवलं होतं. आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर ते शिकलं आणि बायकांचे अर्ज मागे टाकू लागलं. २०१८ मध्ये ही बातमी आली, तोवर कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला होता. ते मशीन म्हणजे टेबलावरचा तोच म्हातारा स्काउट, फक्त वेगाने काम करणारा. बीनने कॉम्प्युटर आणला हे मोठं नव्हतं, त्याने प्रश्न बदलला हे मोठं होतं.

आणि मी? आपल्यापैकी अनेकांना नाव, आडनाव, पत्ता सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरची ती अर्धी सेकंद ओळखीची असेल. मलाही आहे. तरी काही वर्षांपूर्वी मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा, इंग्रजी अडखळत. दिलेला प्रश्न त्याने त्या दिवशीच्या सगळ्यांपेक्षा कमी ओळींत सोडवला. पॅनेलमधला एक जण म्हणाला, ‘क्लायंटसमोर कसा उभा राहील?’ फॉर्मवर ‘कम्युनिकेशन कमी’ असं लिहिलं गेलं. खाली माझी सही आहे. नोकरी नवी होती, वाद नको होता.

गेल्या महिन्यात मी आमच्या एचआरला मेल केला: पहिल्या फेरीत नाव, फोटो, कॉलेज झाकून फक्त कोड दाखवा. ‘बघू या’ असं उत्तर आलंय. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.