पहिल्याच भेटीत तारा नकोत

वार्षिक परीक्षा संपत आल्या की घरोघरी मुलांच्या दातांचा विषय निघतो. दातावर दात आलाय, पुढचे दात ओठाबाहेर दिसतात, फोटोत पोरगी तोंड मिटूनच हसते. तेव्हा या सुट्टीत तारा लावून टाकू, असे ठरते. मग आई-बाबा मुलाला घेऊन ऑर्थोडॉन्टिस्टकडे जातात आणि खुर्चीत बसण्याआधीच विचारतात, ‘तारा लावायच्यात, किती होतील?’ म्हणजे उपचार घरीच ठरलेला असतो. दवाखान्यात फक्त धातूच्या की दातांच्या रंगाच्या आणि एकरकमी की हप्त्याने, एवढेच ठरायचे राहिलेले असते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिल्या भेटीतून तीन गोष्टी कळायला हव्यात: नेमके बिघडले आहे काय, त्यावर आत्ताच काही करायला हवे का, आणि जे करायचे ते शेवटपर्यंत आपल्या घराला निभेल का. तारा कोणत्या, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून पहिल्या भेटीची खरी तयारी म्हणजे या तीन प्रश्नांची तयारी, आणि त्यात ‘आता नको’ हे उत्तर ऐकून घेण्याचीही.

एवढा सावधपणा कशाला, तारा म्हणजे काही ऑपरेशन नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी दात सरकतो कसा हे पाहायला हवे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये अगदी पातळ, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने हलका दाब दिला की ज्या बाजूला दात ढकलला जातो तिथले हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरत जाते. म्हणजे दात नुसता ओढला जात नाही, त्याच्याभोवतीचे हाड नव्याने घडते. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने चालते, म्हणून पूर्ण उपचाराला सरासरी वीस महिने लागतात आणि अवघड दातांना त्याहून जास्त. जोर वाढवून वेळ वाचत नाही. उलट त्या पातळ थरातला रक्तपुरवठा दबला की दात अडून बसतो. बारीक झाकणात तार धरून ठेवणारे, रबराच्या कड्या न लागणारे ब्रॅकेट (दातावर चिकटवायचे, तार अडकवायचे बारीक ठोकळे) आले तेव्हा उपचार लवकर आटोपतील असा गाजावाजा झाला होता. नीट तुलना करणाऱ्या अभ्यासांत मात्र त्यांनी वेळ वाचल्याचे दिसले नाही. तेव्हा फरक पडतो तो तारेच्या जातीपेक्षा कोणता दात कुठे, किती आणि कशाच्या आधाराने न्यायचा या आखणीने. आणि ती आखणी पहिल्या दहा मिनिटांत तोंडात डोकावून होत नाही.

या शास्त्राचा पायाच मुळी मोजमापावर घातलेला आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड एंगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण मांडले. त्यांनी पटाशीचे दात बाजूला ठेवून सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढांकडे पाहिले: वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी कुठे बसते? आजही ऑर्थोडॉन्टिस्ट गाल बाजूला करून आधी तेच पाहतात. पुढे १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये उपचाराची गरज मोजणारी पाच पायऱ्यांची पट्टी तयार झाली. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा सहा मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी पायरी, नऊच्या वर गेले तर पाचवी. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांखालच्या मुलांना फुकट तारा मिळणार की नाही, हे बहुतांशी याच पट्टीवर ठरते. किरकोळ वाकडेपणाला सरकारी पैसा मिळत नाही. आपल्याकडे खर्च खिशातून करायचा असतो, आरोग्यविमा सहसा याला सौंदर्योपचार मानून हात वर करतो, त्यामुळे गरज मोजायला भाग पाडणारे कोणी नाही. मग ते आपणच विचारायला हवे. ‘दात पुढे आहेत’ एवढ्यावर समाधान न मानता किती पुढे, त्याने चावण्याला किंवा हिरडीला काय अपाय होतोय आणि काहीच केले नाही तर दहा वर्षांनी काय होईल, हे विचारावे. दिसण्यासाठी तारा लावण्यात गैर काही नाही, चौदा वर्षांच्या पोरीला आरशाचे दुःख खरेच असते. पण आपण दिसण्यासाठी खर्च करतोय की चावण्यासाठी, हे माहीत असलेले बरे.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप येतो तो वेळेचा. हाडे एकदा पक्की झाली की काही होत नाही, म्हणून लवकरात लवकर तारा लावाव्यात, असा समज घट्ट बसला आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स मुलाला सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवून घ्या असे सांगते, त्याचाही अर्थ पुष्कळदा सातव्या वर्षी तारा असा काढला जातो. सल्ला तपासणीचा आहे. सात ते अकरा-बारा या वयात वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात आणि आई घाबरते. पण सुळे खाली उतरले की ती फट पुष्कळदा आपोआप मिटते. पुढे आलेल्या दातांवर लहानपणी एकदा आणि वयात येताना पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार करून काय मिळते, याचा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात तपास झाला. पडून-आपटून पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी होते, हा एक फायदा दिसला. बाकी शेवटचा निकाल एकाच टप्प्यात केलेल्या उपचारासारखाच. अर्थात उशीर खरोखर महाग पडतो अशाही गोष्टी आहेत. खालचा जबडा वरच्याच्या पुढे जात असेल, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसून चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, अंगठा चोखणे कायमचे दात येऊ लागले तरी सुटलेले नसेल, किंवा दहाव्या वर्षीही हिरडीत वरच्या सुळ्यांचा उंचवटा हाताला लागत नसेल, तर थांबणे बरे नाही. टाळूत अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ खाऊ शकतो, आणि वेळेवर कळले तर दुधाचा सुळा काढण्यासारख्या साध्या उपायानेही तो पुष्कळदा मार्गावर येतो. कोणाला थांबवायचे आणि कोणाला नाही, हे निवडण्यासाठीच तर पहिली भेट असते. आणि हाडे पक्की झाली म्हणून दात सरकायचे थांबत नाहीत. चाळिशीतही तारा लागतात, फक्त जबड्याची वाढ वळवण्याची संधी गेलेली असते आणि हिरड्या निरोगी असाव्या लागतात.

दुसरी भीती दात काढण्याची. ‘चांगले दात काढायला सांगतात’ या एका वाक्यावर कितीतरी पालक डॉक्टर बदलतात. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. एंगल यांचा सगळे दात राखण्यावर कटाक्ष होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपण बरे केलेल्या रुग्णांचे दात पुन्हा वाकडे झालेले दिसले, तेव्हा १९४० च्या सुमारास त्यांनी उपदाढा काढून त्याच रुग्णांवर नव्याने उपचार केले आणि गुरूच्या मताच्या विरोधात उभे राहिले. मधल्या काळात लंबक दोन्हीकडे जाऊन आला. आज निष्कर्ष एवढाच की दात काढणे किंवा न काढणे यातले काहीच तत्त्व म्हणून योग्य नाही. जागा किती कमी आहे आणि ओठ किती पुढे आहेत यावर ते ठरते. तेव्हा ‘दात काढणार नाही ना?’ असे वचन मागण्यापेक्षा ‘न काढता केले तर दात कुठे जातील, ओठ कसे दिसतील?’ हे विचारणे शहाणपणाचे. कागद, एक्स-रे आणि ठसे समोर ठेवून हे समजावून सांगणारा डॉक्टर दात काढायला सांगत असला तरी विश्वासाचा; आणि काहीही न मोजता ‘एकही दात काढणार नाही’ म्हणणाऱ्याला आणखी चार प्रश्न विचारावेत.

आता हातात काय न्यायचे ते. जुने एक्स-रे असतील तर जरूर न्यावेत, कारण सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, म्हणजे ओपीजी, सहा महिन्यांपूर्वीच निघाला असेल तर तो कदाचित पुन्हा लागणार नाही. त्या एक्स-रेची धास्ती घ्यायचे कारण नाही, काही दिवसांत निसर्गातून अंगावर पडणाऱ्या किरणांइतकाच तो असतो. पण कारण नसताना तो काढूही नये. त्याहून महत्त्वाची माहिती तोंडी द्यायची असते. हृदयाच्या झडपेचा आजार किंवा झालेली शस्त्रक्रिया, मधुमेह, फिट्सची गोळी (काही गोळ्यांनी हिरड्या फुगतात), नकली दागिन्यांनी अंगावर उठणारे चट्टे, कारण तारांतही निकेल असते. रात्री तोंड उघडे ठेवून झोपणे, घोरणे, लहानपणी दातावर बसलेला मार हेही सांगावे. आई-वडिलांपैकी कोणाचा खालचा जबडा पुढे असेल तर तेही, कारण जबड्याची ठेवण पुष्कळशी वारशाने येते. किडलेले दात आधी भरून घ्यावेत, कारण तारा बसल्यावर कीड शोधणेही अवघड. आणि शाळेचे वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवावे. उपचार दीड-दोन वर्षांचा, दर महिना-दीड महिन्याला एक फेरी. नववीत सुरू केला तर दहावीवरून जाणार, अकरावीत केला तर बारावी आणि पुढे वसतिगृहापर्यंत. अर्धवट तारांचे तोंड घेऊन गाव बदलणे मुलाला आणि नव्या डॉक्टरला दोघांनाही जड जाते.

एवढ्या फेऱ्या कोणी घालायच्या, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. तालुक्याच्या गावात ऑर्थोडॉन्टिस्ट नसतो. महिन्यातून एखादा दिवस शहरातून येतो आणि स्थानिक दंतवैद्याच्या दवाखान्यात ओळीने मुले तपासतो. एसटीने दोन तास येऊन ‘सहा महिन्यांनी या’ ऐकायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परतणे. पण नेमक्या याच घराला अर्ध्यात सोडलेला उपचार सर्वांत महाग पडतो. म्हणून सुरुवातीलाच विचारावे की तारा कोण लावणार, त्याचे बीडीएसनंतर याच विषयात एमडीएस झाले आहे का, ते येणे बंद झाले तर पुढचे कोण पाहणार, आणि ब्रॅकेट निघाले किंवा तार गालात घुसली तर मधल्या दिवसांत कोणाला फोन करायचा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत आणि मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात हा विभाग आहे. तिथे खर्च खासगीच्या मानाने कमी आणि वाट पाहणे जास्त. ही देवाणघेवाण कोणाला परवडेल हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो पर्याय आहे हे निदान माहीत असावे. डॉक्टरला कळते, आपण कशाला विचारायचे, असेही म्हणतात. निदान डॉक्टरचेच, पण रोज रात्री दात घासून घेणे, रबरे लावायला लावणे आणि फेऱ्या न चुकवणे हा अर्धा उपचार घरात होतो, आणि त्याबद्दल डॉक्टरला घरच्यांइतके कळत नाही.

म्हणून मुलालाही विचारायला हवे. तारा त्याच्या तोंडात बसणार आहेत. पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, पोळी वरणात कुस्करून खावी लागते, गालाला आतून चट्टे पडतात. चिक्की, ऊस, फुटाणे, कडक चकली, अख्खा पेरू यांना रजा. एकेक निघालेले ब्रॅकेट उपचार लांबवते. ब्रॅकेटवरची पारदर्शक रबराची कडी आपल्या रोजच्या आमटीतल्या हळदीने चार-दोन दिवसांत पिवळीजर्द होते, हे दातांच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटला जास्त पैसे मोजणाऱ्याला आधी कोणी सांगत नाही. पिवळी कडी पुढच्या फेरीत बदलता येते. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिले तर दातावर महिन्याभरातही खडूसारखे पांढरे डाग उमटू लागतात, आणि ते तारा काढल्यावर पुष्कळदा तसेच राहतात. काढता येणारे पारदर्शक अलाइनर हा यावर रामबाण उपाय वाटतो, पण ते दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात. डब्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवलेला अलाइनर कचऱ्यात जाणे शाळेत अवघड नाही. जे मूल आज सांगूनही रात्री ब्रश करत नाही, ते तारा लागल्यावर करेल अशी आशा धरू नये. अशा मुलाला तीन महिने ब्रशची सवय लावून मग या, असे सांगणारा डॉक्टर गिऱ्हाईक घालवत नाही, दात वाचवतो.

शेवटचा प्रश्न तारा काढल्यानंतरचा, आणि पहिल्या भेटीत तो क्वचितच कोणी विचारते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून सरळ केलेल्या ६५ रुग्णांचे दात, धरून ठेवणारी क्लिप थांबल्यावर किमान दहा वर्षांनी तपासले. १९८१ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले नव्हते, आणि कोणाचे बिघडतील हे आधी सांगता येत नव्हते. दात जन्मभर थोडेथोडे सरकतच राहतात, कधीच तारा न लावलेल्यांचेसुद्धा. त्यामुळे तारा निघाल्यावर क्लिप किंवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. तिचे पैसे ठरलेल्या रकमेत आहेत का, हरवली तर काय, किती वर्षे दाखवायला यायचे, हे तारांच्या भावाबरोबरच लिहून घ्यावे. ज्या घराला हा नंतरचा भाग ऐकूनही उपचार हवासा वाटतो, त्याने खुशाल तारा लावाव्यात. ज्याला तो जड वाटतो, त्याने आणखी वर्षभर थांबावे. बहुतेक वाकड्या दातांना तेवढी सवड असते, आणि ज्यांना नसते त्यांची नावे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतो.