आधी काम, मग अट

12 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरांतील बेघरांच्या निवाऱ्याविषयीच्या याचिकेची सुनावणी चालू होती. फुकट धान्य आणि घरबसल्या पैसा मिळू लागल्याने लोक काम करायला तयार नाहीत, आपण परोपजीवींचा एक वर्ग तर निर्माण करीत नाही ना, अशा आशयाची चिंता त्या वेळी न्या. भूषण गवई यांनी व्यक्त केली. महाराष्ट्रात निवडणुकीआधी जाहीर झालेल्या योजनांमुळे शेतीला मजूर मिळेनासे झाले, असेही त्यांनी अनुभवाने सांगितले. सकाळच्या चहाबरोबर ही बातमी वाचणाऱ्या असंख्य मध्यमवर्गीय घरांना आपल्याच मनातले कोणीतरी बोलले असे वाटले. कर आम्ही भरायचा आणि फुकट दुसऱ्याने खायचे, हे किती दिवस चालणार? मदत हवी तर काम करा. दारूत पैसे उडवणार असाल तर मदत बंद! वरवर पाहता या मागणीत गैर काय आहे?

गैर काही नाही, पण ती अर्धीच आहे. तिचा उरलेला अर्धा भाग महाराष्ट्राला इतर कोणत्याही प्रांतापेक्षा अधिक ठाऊक असायला हवा होता. कारण मदतीला कामाची अट घालण्याचे दोन्ही प्रकार या मातीने अनुभवले आहेत.

पहिला प्रकार इंग्रजांचा. 1876-77च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात हजारो माणसे सरकारी कामांवर दगड फोडत होती. सर रिचर्ड टेंपल यांना वाटले की, मजुरी जास्त असल्यामुळे गरज नसलेले लोकही कामावर येत आहेत. जानेवारी 1877मध्ये मजुरी उतरवून दिवसाला पौंडभर धान्य आणि वर नाममात्र पैसा इतकी करण्यात आली. शिवाय, काम मुद्दाम गावापासून दहा मैल लांब द्यायचे. जो घरदार सोडून तिथवर जाईल तोच खरा भुकेला! अर्धपोटी माणसाच्या भुकेचीही परीक्षा घेणारी ही राजवट. इलाख्यातील मजूर कामे सोडून उठले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. वीस वर्षांनी, 1896च्या दुष्काळात, लोकमान्य टिळकांनी त्याच सभेच्या द्वारे आणि ‘केसरी’तून फॅमिन कोडाचा अर्थ मराठीत खेड्यापाड्यांत पोहोचवला. तुमचा हक्क भीक म्हणून मागू नका, असे शेतकऱ्याला बजावले. सरकार इतके चिडले की, 1897मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. ज्यांना राष्ट्रवादाचा वारसा सांगायचा आहे, त्यांनी टिळक तेव्हा कोणाच्या बाजूने उभे होते हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रकार वि. स. पागे यांचा. सांगली जिल्ह्यातील विसापूरचा हा गृहस्थ विधान परिषदेचा सभापती होता, संतसाहित्याचा अभ्यासक होता आणि धडधाकट माणसाला रिकाम्या हाताने धान्य देणे हा त्याचा अपमान आहे, असे मानणारा होता. कामाची अट पागे यांनाही हवी होती. पण त्यांनी ती आधी सरकारवर घातली. ज्याला काम हवे आहे त्याला ते मिळालेच पाहिजे, ही हमी. आणि हमीच्या बदल्यात श्रम. 1972च्या मे महिन्यात महाराष्ट्रात ही योजना सुरू झाली आणि लगोलग तो दुष्काळ आला. मे 1973मध्ये जवळपास पन्नास लाख माणसे राज्यातील दुष्काळी कामांवर होती. लाल मिलो, सुकडी, खडीचे ढीग, झाडाला टांगलेल्या झोळीत तान्हे मूल आणि खाली हातोडा चालवणारी आई, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना गरीब माणूस आळशी असतो हे कोणी पटवून देऊ नये. बायका त्या कामांवर इतक्या मोठ्या संख्येने आल्या की, पुढारी चकित झाले. 1977मध्ये विधिमंडळाने कायदा केला, 26 जानेवारी 1979पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. इंग्रजांची अट गरिबाला दूर ठेवण्यासाठी होती, पागे यांची त्याला आत घेण्यासाठी. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि 1990पासून याच योजनेला जोडलेल्या फळबागा यांतून डाळिंब-बोरांचे जे मळे उभे राहिले, ते या ‘परोपजीवीं’च्याच घामाचे पीक होय.

या योजनेत खोटी हजेरीपत्रके झाली नाहीत काय? झाली. मृतांची नावे मस्टरवर लागली, मुकादमांनी हात ओले केले. पण कागदावर खोटी नावे चढवणारा हात खडी फोडणारीचा नव्हता. शिक्षा मात्र तिलाच झाली. तिच्या कामावर तपासणीचा थर चढत गेला. पुढे केंद्राच्या 2005च्या कायद्याखाली छायाचित्रासह मोबाइलवर दोनदा हजेरी आली आणि आधारशी जुळणारे खाते सक्तीचे झाले. डोंगरात रेंज नाही म्हणून हजेरी बुडाली, तर मजुरी कोणाची गेली? वर्षाला शंभर दिवसांची हमी असताना देशभरात घरटी सरासरी काम पन्नास दिवसांच्या आसपासच राहिले. बेकारी भत्ता मिळालेला मजूर तर शोधूनच काढावा लागेल. डिसेंबर 2025मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात 125 दिवसांची हमी आहे, खर्चाचा चाळीस टक्के वाटा बहुतेक राज्यांवर आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आहे. शेतीला मजूर मिळत नाहीत, ही न्यायमूर्तींनी मांडलेली तक्रार या शेवटच्या तरतुदीने मिटण्यासारखी आहे. पण हंगाम सरल्यावर काम मागणाऱ्याला पंधराव्या दिवशी काम मिळणार का, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि त्याचे उत्तर आता मुंबईनेही द्यायचे आहे.

याच राज्याने जुलै 2024पासून लाडक्या बहिणींना दरमहा 1,500 रुपये देण्यास प्रारंभ केला आणि त्यासाठी वर्षाला 46,000 कोटींचा आकडा जाहीर केला. ज्या घरात चूल, पाणी, म्हातारे आणि पोरे एकीच्याच गळ्यात आहेत तिच्या हाती दीड हजार आले, याबद्दल कोणी नाक मुरडू नये. तिला आता ‘काम करून दाखव’ म्हणणे हा तर निव्वळ उर्मटपणा ठरेल. आक्षेप वेगळा आहे. रोजगार हमीवर 2025-26साठी महाराष्ट्रात ठरलेली मजुरी दिवसाला 312 रुपये. म्हणजे दरमहाचे हे दीड हजार पाच दिवसांच्या मजुरीइतकेही नाहीत. पाच दिवसांची मजुरी खात्यात टाकून सरकार उरलेल्या पंचवीस दिवसांच्या जबाबदारीतून मोकळे होऊ पाहत असेल, तर तो सौदा बहिणीच्या नव्हे, सत्तेच्या सोयीचा आहे. काम काढायला अभियंता लागतो, आराखडा लागतो, उन्हात जाऊन मोजमाप घ्यावे लागते. पैसे टाकायला एक कळ पुरते, आणि तीही मतदानाच्या तोंडावर दाबता येते. हा दोष एका पक्षाचा म्हणावा, तर दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत कोणाचेच हात कोरडे नाहीत. आणि फुकटेपणाबद्दल बोलायचेच तर, याच योजनेत दोन हजारांहून अधिक सरकारी महिला कर्मचाऱ्यांची नावे निघाली, हे विधिमंडळात सांगितले गेले. पगार सरकारचा आणि वर ओवाळणीही सरकारची! त्यांना परोपजीवी म्हणायला मात्र कोणाची जीभ वळली नाही.

आता नशेची अट. हे खूळ अमेरिकेचे. फ्लोरिडा राज्याने 2011मध्ये सरकारी मदत मागणाऱ्या प्रत्येकाला आधी लघवी तपासून घेण्याची सक्ती केली. चार महिन्यांत 4,086 जणांची तपासणी झाली आणि दोषी निघाले 108, म्हणजे शेकडा तीनसुद्धा नाहीत. ज्यांच्यात काही निघाले नाही त्यांना तपासणीचे पैसे परत देण्यातच वाचलेल्या मदतीहून अधिक खर्च झाला आणि अखेर 2014मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. कामाच्या अटीचीही तिथे तीच गत. आर्कन्सा राज्याने 2018मध्ये गरिबांच्या आरोग्यसाहाय्याला महिन्याला 80 तास कामाची अट जोडली. काही महिन्यांत अठरा हजारांवर लोकांचे साहाय्य गेले आणि नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे मात्र आढळले नाही. कित्येक जण कामावर जातच होते, त्यांना संगणकावर ते नोंदवता आले नाही इतकेच. मोबाइलवरील हजेरीचे आणि याचे नाते सांगण्याची गरज आहे काय?

नशा हा खोटा प्रश्न आहे असे कोणी म्हणत नाही. मजुराच्या घरातील बाई तो रोज अंगावर झेलते. पण महाराष्ट्र सरकारने नशेची तपासणी करायची ठरवली तर ती कोणत्या तोंडाने करणार? एका हाताने गुत्त्याला परवाना द्यायचा, मद्यावरील महसुलाचे लक्ष्य दरवर्षी वाढवायचे, चंद्रपुरात 2015मध्ये घातलेली बंदी 2021मध्ये उठवायची आणि दुसऱ्या हाताने पिणाऱ्याची झडती घ्यायची? नशाबंदी कशी होते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पाहावे. पोपटराव पवारांच्या काळात त्या गावाने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही शिस्त स्वतःला लावून घेतली. पाणी अडवण्याच्या कामांना सरकारी योजनांचा, रोजगार हमीचाही, पैसा आला आणि शहरांत गेलेली कुटुंबे परत आली. तिथे अट होतीच, किंबहुना कडक होती. पण ती गावाने गावावर घातलेली, आणि तिच्याबरोबर विहिरीला पाणी आले.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल 1965मध्ये मुंबईतच एकात्म मानववादाची मांडणी केली, तेव्हा प्रत्येक धडधाकट माणसाला काम मिळण्याची हमी हा अर्थव्यवस्थेचा पाया मानला होता. ‘हर हाथ को काम’ ही घोषणा भिंतीवर रंगवणारे कार्यकर्ते आजही अनेक तालुक्यांत आहेत. त्यांनी या उन्हाळ्यात आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन एवढेच विचारावे की, कामाच्या मागणीचा अर्ज घेतला जातो का, आणि घेतल्यावर तारखेची पोच मिळते का. पोच नसेल तर पंधरा दिवस कधीच सुरू होत नाहीत.

राहिला करदाता. नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. 1975मध्ये महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता, आणि जितका कर जमेल तितकीच रक्कम सरकारने स्वतःकडून घालायची असे ठरले होते. ‘आमच्या पैशाचे काय केले?’ हा प्रश्न विचारण्याचा या नोकरदाराला पूर्ण अधिकार आहे. तो त्याने खडी फोडणारीला विचारू नये, मंत्रालयाला विचारावा.