‘संसार सांभाळून’ : एका स्तुतिवचनाचा हिशेब

लेखिकेचा परिचय करून देताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येते : ‘संसार सांभाळून त्यांनी साहित्यसेवा केली.’ वाशिमसारख्या जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हा अध्यापकांना हे वाक्य प्रत्येक चर्चासत्रात ऐकावे लागते. लेखक पुरुष असला की ते कुणी उच्चारत नाही. त्याचा संसार दुसरे कुणी सांभाळत असते. या स्तुतीत एक हिशेब दडपलेला आहे आणि तो मांडणे हे समीक्षेचेच काम आहे.

आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचेच पाहा. ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाले १८८२ मध्ये. आपण ताराबाईंच्या निर्भयतेचे गोडवे गातो आणि तिच्यामागचे घर विसरतो. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे; त्यांनी मुलीला मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकवले. नवरा घरजावई, म्हणून सासुरवास नाही. मूलबाळ नव्हते. आणि ग्रंथाचे निमित्त कोणते? बालहत्येच्या आरोपावरून सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेली शिक्षा! एका स्त्रीला मातृत्वाने फाशीच्या शिक्षेपर्यंत नेले. त्यावर लिहिण्याची उसंत मिळाली ती माहेरच्या आधाराने उभ्या असलेल्या दुसरीला. याने ताराबाईंची प्रतिभा उणावत नाही. तिला वाव कशाने मिळाला, एवढेच कळते.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत आपण याहून सोयीस्कर वागतो. ‘जात्यावरची सहज प्रतिभा’ असे वर्गात सांगून मोकळे होतो. त्या निरक्षर होत्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी नसता, तर १९५२ चा तो संग्रह निघाला असता का? लिहून घेणारे कुणी नाही म्हणून अशी किती जाती मुकी राहिली असतील?

‘साहित्याचे मूल्य साहित्यातच शोधावे,’ असे यावर सांगितले जाईल. मान्य. पण जे लिहिलेच गेले नाही त्याचे मूल्य कुठे शोधायचे?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९६१ च्या कायद्यातील प्रसूती रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रोजंदारीवरील स्त्रियांनाही तिचा हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात दिला. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापिकेचे काय? तास झाला तर मानधन, नेमणूक सत्रापुरती. तिची रजा कुठे सुरू होते आणि नोकरी कुठे संपते, हे कुणी सांगावे? पुढे मुलाखतीत तीच वर्षे ‘खंड’ म्हणून मोजली जातात. शोधनिबंध का नाहीत, असे विचारणारे त्या वर्षांत घरात कोण राबत होते, हे विचारत नाहीत.

तेव्हा, अध्यापकहो, ‘संसार सांभाळून’ हे शब्द एक तर कायमचे टाकून द्या, नाही तर प्रत्येक लेखकाला लावा. अभ्यासक्रमातल्या थोर पुरुषांचा संसार कुणी सांभाळला, हा प्रश्न एकदा परीक्षेत घालून पाहा. उत्तरपत्रिका कोऱ्या आल्या, तर दोष विद्यार्थ्यांचा नसेल.