पण लक्षात कोण घेतो? – आमच्या जुन्या पिकअपची गोष्ट

या ग्रुपवर आपण सुलतान बाजारातल्या वाड्यांच्या, विवेक वर्धिनीतल्या शाळेच्या, काचीगुड्याच्या गणपतींच्या आठवणी लिहितो. आज मी एका गिअरबॉक्सवर लिहिणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. कारण गोष्ट गिअरबॉक्सची कमी आणि माझ्या तोंडाळपणाची जास्त आहे.

आमचा केटरिंगचा धंदा वडिलांपासूनचा. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं जमेना, म्हणून चार वर्षांपूर्वी एक डबल कॅबची ऑटोमॅटिक पिकअप सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. मी क्वचित चालवायचो. रोजची फेरी आमच्या ड्रायव्हरची. करीमनगरकडचा तेलुगू मुलगा, बोलायला कमी, कामाला चोख.

गेल्या मार्चमध्ये तो मला म्हणाला, "सार, बंडी जारुतोंदि." म्हणजे गाडी घसरतेय. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. मी काय म्हणालो? "तुझा पायच जड आहे. डिझेल बघ किती जातंय!" पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या पगारातून डिझेलचे तीन हजार कापले. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली होती. अंगणात गाडी उभी राहते तिथे फरशीवर लालसर डाग पडायचे. मी म्हणालो, "कुणीतरी पान खाऊन थुंकलं असेल." ही म्हणाली, "अहो, रोज त्याच जागी येऊन कोण थुंकेल?" तिचंही ऐकलं नाही. मेअखेर तो मुलगा काम सोडून गेला.

जूनमध्ये पुण्याहून आत्या आली. तिला आणायला मी स्वतः एअरपोर्टला गेलो. परत येताना आरामघरहून पी. व्ही. नरसिंह राव एक्सप्रेसवेच्या चढावर गाडी घातली आणि काटा साडेतीन हजारांवर गेला. इंजिन किंचाळतंय आणि गाडी बैलगाडीसारखी! मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. आत्या म्हणाली, "अरे, आवाज एवढा मोठा आणि गाडी जागेवरच? तुझ्या काकांसारखी झालीय ही." घाम फुटला होता तरी हसू आलं. कशीबशी गाडी कडेला घेतली.

ज्यांच्या नावाच्या त्या पुलावर मी अडकलो होतो, त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली, 'अबला जीवितम्' या नावाने. तेलुगू माणसाने मराठीतलं गाऱ्हाणं लक्षात घेतलं. आणि मी मराठी माणूस, एका तेलुगू मुलाचं तीन शब्दांचं गाऱ्हाणं तीन महिने लक्षात घेतलं नाही. तिथे उभं राहून हे सुचलं, आणि खरं सांगतो, लाज वाटली.

एक मित्र म्हणाला, दोर बांधून ओढून आणू. सुदैवाने आधी राणीगंजजवळच्या एका उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "रस्सी नक्को लगाव साब. पीछे के पहिये घूमे तो अंदर का सब जल जाता. गाडी ऊपर चढ़ाके लाव." कारण साधं आहे. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चालवती चाकं जमिनीवर फिरवत ओढलं, तर आतले भाग तेलाशिवाय फिरतात. एवढं तरी प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने लक्षात ठेवावं.

तरी "ऑथराइज्ड ते ऑथराइज्ड" म्हणून आधी एका सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. न उघडता, दहा मिनिटांत एस्टिमेट हातात आलं: पूर्ण गिअरबॉक्स नवा, साडेचार लाख. तिथून गाडी पुन्हा ट्रकवर चढवून उस्तादांकडे.

उस्तादांनी आधी स्कॅनर लावला. गिअरचं प्रमाण जुळत नसल्याचा कोड निघाला. मग तेलाची पातळी. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. तेल ठरावीक तापमानाला आल्यावर, इंजिन चालू ठेवून, बाजूचा प्लग उघडून बघावं लागतं. तेल बरंच कमी निघालं. दोन थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन त्यांनी माझ्या नाकाशी धरले. मूळ लाल तेल काळपट तपकिरी झालं होतं आणि करपलेल्या फोडणीसारखा वास येत होता. केटररला आणखी काय सांगायचं? मग खालचा पॅन काढला. त्यातल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल होता. थोडा असतोच, म्हणाले. धातूचे चमकते तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती. शेवटी मूळ सापडलं: तेल थंड करायला कूलरकडे जाणाऱ्या नळीचा जोड पाझरत होता. म्हणजे ते पानाचे डाग!

आतला हिशोब असा. ऑटोमॅटिकमध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, पण आत क्लचच्या चकत्या असतातच, आणि त्या एकमेकींवर दाबल्या जातात त्या तेलाच्या दाबाने. तेल कमी झालं की दाब कमी, दाब कमी की चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात, करपतात, आणि करपलेला कचरा सगळ्या तेलात फिरून बारीक झडपा अडकवतो. त्यात हैदराबादचा मे महिना आणि मागे भरलेली पातेली.

मी विचारलं, "नवीन तेल घालून भागणार नाही का?" कुणीतरी बाजारातली एक बाटलीही सुचवली होती. उस्ताद म्हणाले, "हौ, डाल देता मैं, पैसे भी लेता. मगर जला सो प्लेट तेल से नया नै होता." हा माणूस तेल बदलून आठ-दहा हजार घेऊन मला घरी पाठवू शकला असता. त्याने पाठवलं नाही.

अकरा दिवस लागले. चकत्या, सगळे सील, फिल्टर, नवी नळी, झडपांची सफाई, कूलर धुऊन काढणं, टॉर्क कन्व्हर्टरची तपासणी आणि कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं तेल. बिल एक लाख अडतीस हजार. मार्चमध्ये दाखवली असती तर? नळी आणि तेल, काही हजारांत भागलं असतं.

आता माझं मत. आपल्या घरांत दोनच भाषा चालतात. बंद पडेपर्यंत "चालतेय ना?" आणि बंद पडली की "नवंच बसवून टाका". मधली पायरी आपण गाळतो, ती म्हणजे निदान. नव्या गिअरबॉक्सला माझा विरोध नाही. आतले गिअरच तुटले असतील किंवा सुटे भाग मिळत नसतील तर तोच मार्ग. पण न उघडता सांगितलेल्या साडेचार लाखांवर सही करू नका. तपासणीचे वेगळे पैसे द्या, पॅन समोर उघडायला लावा, काय सापडलं ते विचारा. आणि "हे तेल आयुष्यभर चालतं" यावर विसंबू नका. कुणाचं आयुष्य, ते विचारा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्याच्या पायाखाली गाडी असते, त्याला ती आपल्याआधी कळते. स्वयंपाकघरातला आचारी, घरात काम करणाऱ्या मावशी, गाडीवरचा मुलगा, हे काही सांगतात तेव्हा आपण आधी त्यांची चूक शोधतो. का? तर ऐकलं की खर्च निघतो. माझंही तेच झालं. डिझेल जास्त जात होतं ते गाडी घसरत होती म्हणून, आणि कापला त्याचा पगार.

गाडी आल्यावर मी त्याला शोधत उप्पलला त्याच्या खोलीवर गेलो. तीन हजार परत दिले, माफी मागितली. त्याने पैसे मोजून खिशात ठेवले, चहा पाजला. परत कामाला ये म्हणालो, तर म्हणाला, "दुसरीकडे लागलोय सार, ते ऐकतात." यावर मी काय बोलणार?

गाडी आता झकास चढते. नवीन ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी एक वही दिली आहे: गाडीत वेगळं काही वाटलं की लिहायचं, तेलुगूत लिहिलं तरी चालेल. रोज रात्री मी ती वाचतो. वाचता येत नाही तिथे त्यालाच विचारतो.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? लिहा. आणि आज घरी गेल्यावर गाडीखालची फरशी एकदा बघा.